न नांगरलेलं रान

वेल्ह्याकडे जाणाऱ्या रस्त्याला लागूनच आमचं भाताचं खाचर आहे. एसटीतून जाणाऱ्या प्रत्येकाला ते दिसतं, आणि सगळा घोळ तिथूनच झाला. आमच्याकडे रान न नांगरता राहिलं की लोक एकच समजतात, त्या घरात करणारं माणूस उरलं नाही.

आई गेल्यावर मी नोकरी सोडून आबांजवळ, म्हणजे वडिलांजवळ, राहायला आले. बैल कधीच विकलेले होते, शेण एका गाईचं. दरवर्षी ट्रॅक्टरचा रोटर मारून आणि चिखल करून जमीन अशी झाली होती की उन्हाळ्यात तिच्यावर भांडं आपटलं तर पोचा भांड्यालाच पडावा. मी एकदाच गादीवाफे घातले आणि नांगरणी बंद केली. भात कापलं की बुडखे आणि मुळं जागच्या जागी कुजू द्यायची, वरून बांधावरच्या गिरिपुष्पाचा पाला आणि असेल तेवढं शेणखत पसरायचं. आबा बांधावर बसून बघायचे.

"तू रान न्हाई करत, रानाचं सुतक पाळतीस," म्हणायचे.

पहिल्या वर्षी पीक बसलं आणि ते त्यांनी मला दिवाळीपर्यंत ऐकवलं. मग वर्षागणिक माती मऊ पडत गेली. बोट सहज आत जाऊ लागलं, कुजलेल्या मुळांच्या वाटेने पाणी मुरू लागलं, गांडुळं परतली. शेजाऱ्यांइतकं भात आमच्याही खाचरात आलं. मला त्या मातीचा माज चढला होता, खोटं कशाला बोलू.

पुढच्या उन्हाळ्यात बहिणीच्या बाळंतपणाला पुण्याला गेले. परतताना एसटीच्या खिडकीतून आमचं खाचर मला ओळखूच आलं नाही. वाफे नाहीत, पाला नाही, सगळं सपाट आणि पिठासारखं भुसभुशीत. आबा धुतलेली टोपी घालून बांधावर बसले होते, रस्त्याकडे तोंड करून.

मी पिशवी टाकली आणि तोंडाला येईल ते आबांना बोलले. इतक्या वर्षांची मुळं रोटर मारून एका दुपारी चिरून टाकलीत, म्हणाले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"वेल्ह्यात च्या प्यायला ग्येलो हुतो," ते म्हणाले. "एक जण म्हनला, अवो, तुमी हायसा व्हय? रान तसंच पडल्यालं बगून आमाला वाटलं, ग्येलासा." मग टोपी नीट करत म्हणाले, "म्या जित्ता हाय अजून. लोकांस्नी दिसाया नको का?"

तरी राग गेला नाही. रात्रभर चुलीपाशी आदळआपट केली.

त्या साली भात कमरेला लागलं. काळंभोर हिरवं, लोंब्या भरलेल्या. कारण मला ठाऊक होतं. मातीने जपून ठेवलेलं सगळं अन्न रोटरने एकदम मोकळं केलं होतं आणि पीक ते एका हंगामात खाऊन बसलं होतं. आबांना मी ते सांगितलं नाही. ते बांधावर उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारत, आणि मला म्हणत, "बग, नांगरल्याबिगर न्हाई." मला चीड यायची आणि त्यांच्याकडे बघून बरंही वाटायचं. झोडपणी झाली, नव्या तांदळाचा भात त्यांनी पोटभर खाल्ला, आणि थंडी सरायच्या आत ते गेले.

पुढच्या पावसात पाणी मुरेना. बांध फुटला आणि तांबडी माती ओढ्याला लागली. उरलेलं भात पिवळट, निम्मं पोचट. आबांनी हे बघितलं नाही ते बरंच झालं, असं मी येईल त्याला सांगत होते, आणि सांगताना दर वेळी रडू येत होतं.

आता पुन्हा वाफे घातलेत. नांगर नाही. गांडुळं अजून आलेली नाहीत. परवा पाला पसरत होते, तर एसटीतून उतरलेला एक म्हातारा बांधाशी थांबला. आबांच्या ओळखीचा असावा.

"रान तसंच पडलंया," तो म्हणाला. "म्हातारं हाय का ग्येलं?"

"गेले," मी म्हणाले, आणि उरलेला पाला पसरला.