मधल्या सुट्टीपर्यंतचं मागणं

दातांच्या डॉक्टरनं मला माझ्याच हाताची तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडात घालायला सांगितली. नीट तोंडाच्या माणसाची तिन्ही जातात. माझी दोन कशीबशी गेली, तिसरं बाहेरच राहिलं. डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाची होती. तिनं विचारलं, "सर, किती वर्षांपासून?"

"काय किती वर्षांपासून?" मी म्हटलं.

ती हसली नाही. माझी बायको शेजारच्या स्टुलावर मांडीवर पिशवी घेऊन बसली होती. तिनंच उत्तर दिलं, "तेहतीस."

मला वाटत होतं, तिला फार तर दहा-बारा माहीत असतील.

खर्ऱ्याची गोष्ट आहे ही. यवतमाळ जिल्ह्यात खर्रा काय असतो ते सांगावं लागत नाही. बाहेरच्यांसाठी सांगतो: सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीवर घोटून, पुडीला रबर लावून पानठेल्यावर मिळतो. चिमूटभर गालात धरायचा आणि कामाला लागायचं. मी पुसदला शिकायला होतो तेव्हा परीक्षेच्या दिवसांत एका मित्रानं दिला. डोकं गरगरलं, ओकारी आली, आणि दुसऱ्या दिवशी मी स्वतः मागून घेतला. पुढे मास्तर झालो, दिग्रसला घर केलं, जवळच्या खेड्यातल्या शाळेत गणित शिकवायला लागलो. खर्रा सोबत होताच. वर्गात कधी खाल्ला नाही, याचा मला अभिमान होता.

अभिमान मला बऱ्याच गोष्टींचा होता. वडील तहसीलमध्ये कारकून होते. त्यांच्या टेबलापुढे दिवसभर लोक हात जोडून उभे असत. ते बघूनच असेल, त्यांनी आम्हा भावंडांना एक गोष्ट पक्की शिकवली होती, कोणापुढे हात पसरायचा नाही. देवापुढेही ते उभे राहत, नमस्कार करत, पण मागत नसत. "त्याला आपल्याशिवाय दुसरी कामं आहेत," असं म्हणत. मीही तसाच झालो. बायको रोज पूजा करायची, मी आंघोळ झाली की देवघरापुढून जाताना हात जोडायचो. ओळखीच्या माणसाला रस्त्यात रामराम करावा तसं. वर्गात मुलांना सांगायचो, नारळ फोडून गणित सुटत नाही, मनात आणलं की सुटतं.

खर्राही मनात आणूनच सोडायचा होता. पहिल्यांदा मी आलेख कागद आणला आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. आडव्या अक्षावर तारखा, उभ्या अक्षावर पुड्या. दिवसाला सहावरून एकावर यायचं होतं. आलेख छान उतरत गेला, कारण त्या दिवसाच्या ठरलेल्या आकड्यानंतरच्या पुड्या मी मांडत नव्हतो. दुसऱ्यांदा सोप, म्हणजे बडीशेप, आणि लवंग खिशात ठेवली. अकरा दिवस टिकलो. तिसऱ्यांदा चुलत भावाशी पैज लावली आणि हरलो ते त्याला सांगितलंच नाही. मग नेहमीचा पानठेला बदलला, का तर त्या माणसाला मी "सोडला" असं सांगून बसलो होतो. घरून निघून शाळेच्या रस्त्याला लागायच्या आधी उलट्या दिशेनं गाडी वळवायची, गावाच्या दुसऱ्या टोकाला घ्यायचा, तोंड पुसायचं. बायकोला पँटच्या खिशात रबर सापडायचे. ती ते स्वयंपाकघरातल्या खिळ्याला लटकवून ठेवायची. दुधाच्या पिशवीला, कोथिंबिरीच्या जुडीला कामी येत.

आमच्या शाळेच्या फाटकावर "तंबाखूमुक्त शाळा" अशी पाटी आहे. ती मीच रंगवून घेतली होती.

एके दुपारी शाळा सुटल्यावर मी पाण्याच्या टाकीमागे थुंकत होतो. वळलो तर शिपाई झाडू घेऊन उभा. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा, जवळच्या तांड्यावरचा माणूस. पूर्वी तो दारू पीत असे, शाळेत झोकांड्या खात येई. तेव्हा मी त्याला सगळ्यांसमोर झापलं होतं. "मनात आणलं तर माणूस काय नाही करू शकत? तुझं मनच खराब आहे," असं म्हणालो होतो. आता त्याची सुटून आठ वर्षं झाली होती आणि मी टाकीमागे होतो.

"सर, एक गोष्ट इचारू? राग नका मानू."

"विचार."

"तुम्ही सोडता कसे?"

"ठरवतो. मनाशी पक्कं ठरवतो."

"ज्या मनाले खर्रा पाह्यजे, त्याच मनाशी?"

मी टाकीच्या कट्ट्यावर बसलो. तो झाडू भिंतीला टेकवून खाली बसला. "मीबी लय ठरवलं. लेकराची शपथ घेतली, मायची घेतली. सगळ्या शपथा पिऊन टाकल्या. मंग एक दिवस मांगून पाह्यलं."

"कोणाले?" त्याच्याशी बोलताना माझीही बोली बदलली.

"वरच्याले. म्हटलं, बापा, माह्यानं होत नाही. आजच्या दिवस धर मले. दवाखान्यातबी गेलतो, गोळ्या घेतल्या. पण गोळी घ्यायले हात उचलला पाह्यजे ना सर. तो हात माह्यानं उचलतच नव्हता."

"अन् रोज मागतो?"

"रोज. लाज कायची?"

मी पँट झटकून उठलो. घरी जाताना मनात म्हटलं, बरं आहे, अडाणी माणसाला असं काहीतरी लागतं.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी जेवताना तिखटानं तोंडाची आग व्हायला लागली आणि गालात आतून पांढरा चट्टा दिसला. म्हणून यवतमाळची ती डॉक्टर. तिनं चट्ट्याचा छोटा तुकडा तपासायला काढला, दोन टाके घातले, गालात कापूस ठेवला. रिपोर्ट आठ दिवसांनी येणार होता. "सर, आजपासून बंद. कमी नाही, बंद," ती म्हणाली. मी मान हलवली. खरोखर हलवली.

बसस्टँडवर दिग्रसची गाडी लागलेली होती. बायको आत जाऊन खिडकीशी बसली. मी पाण्याची बाटली आणतो म्हणून उतरलो. पाणी घेतलं. शेजारीच पानठेला होता. मी एक पुडी सांगितली. टाके उजव्या गालात होते, म्हणून मी डाव्या गालात धरली. हे करताना मी अगदी शांत होतो, जणू डॉक्टरनंच लिहून दिलं होतं. मान वर केली तर बायको खिडकीतून बघत होती.

मी गाडीत चढलो. शेजारच्या सीटवर ठेवलेली पिशवी तिनं उचलून मांडीवर घेतली, मला बसायला जागा केली आणि बाहेर बघायला लागली. वाटेतलं दारव्हा येईपर्यंत मी गालातलं तसंच धरून बसलो होतो, कारण थुंकायचं तर तिच्या अंगावरून वाकावं लागलं असतं. शेवटी गिळलं. तेहतीस वर्षांत मला स्वतःची इतकी किळस आली नव्हती. ती रडली असती, ओरडली असती तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. उत्तरं माझ्याकडे भरपूर होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती अंगणात जास्वंदीची फुलं तोडत होती तेव्हा मी देवघरापुढे जाऊन बसलो. बसलो हे महत्त्वाचं, एरवी मी उभ्याउभ्याच हात जोडायचो. गुडघे वाजले. काय बोलायचं ते कळेना. आधी मी माझं म्हणणं मांडायला लागलो, की मी तसा वाईट माणूस नाही, एवढे विद्यार्थी घडवले वगैरे. मग लक्षात आलं, हा तर रजेचा अर्ज चाललाय. थांबलो. शिपायाचे शब्द आठवले, पण ते उसने घ्यायची लाज वाटली. शेवटी तोंडातून निघालं ते तेच होतं, "माझ्यानं होत नाही." आवाज इतका बारीक, की मलाच नवखा वाटला. दिवसभराचं मागायची छाती झाली नाही. "मधल्या सुट्टीपर्यंत सांभाळ," एवढं म्हटलं.

काही झालं नाही. अंगावर काटा नाही, डोळ्यांत पाणी नाही. मागे बायको फुलांचं ताट घेऊन उभी होती. "सरका," ती म्हणाली, "पूजा करायची आहे." मी सरकलो.

पण गाडी काढली आणि त्या दिवशी उलटीकडे वळवली नाही. मी वळवली नाही असं म्हणायला मी आजही धजत नाही. ती वळली नाही, एवढं खरं. मधल्या सुट्टीची घंटा झाली, मुलं ताटं घेऊन पळाली आणि मला घाम फुटला. मी नळाजवळ जाऊन उभा राहिलो आणि पुन्हा मागितलं, शाळा सुटेपर्यंत. शाळा सुटल्यावर घरापर्यंत. मागण्याचे असे तुकडे पाडत आठ दिवस गेले.

रिपोर्ट आला. कॅन्सर नव्हता. त्याच्या अलीकडचं होतं, पुढे जाऊ शकणारं. बायको डॉक्टरपुढेच रडली. मी देवाकडे रिपोर्टचं काही मागितलं नव्हतं, म्हणून ते श्रेय मी त्याला परस्पर देत नाही. मागितलं होतं ते वेगळं होतं आणि ते रोज थोडं थोडं मिळत होतं.

तेविसाव्या दिवशी मी पडलो. बोरी अरबला नात्यात साक्षगंध होतं. मुलीला साखर-साडी देऊन झाली, पंगती उठल्या, आणि मंडपामागे चार-सहा पुरुषांत पुडी फिरली. माझ्यापाशी आली तेव्हा मी मागितलंच नाही. देवाकडे, म्हणतोय. पुडीकडे हात गेला. तेवीस दिवस झाले, आता जमलं आपल्याला, असं वाटत होतं. तसं वाटत होतं म्हणूनच गेला.

दुसऱ्या दिवशी देवघराकडे जायची लाज वाटली. पहिल्या दिवशीपेक्षा जास्त. न बसताच शाळेत गेलो. शिपाई वर्ग उघडत होता. मी त्याला बाजूला घेतलं. "भाऊ, काल खाल्ला," मी म्हटलं. त्याला भाऊ म्हणायची ती माझी पहिली वेळ. "आज कोणत्या तोंडानं मागू?"

त्यानं कुलूप काढलं, कडी सरकवली. "मंग आज जास्त मांगा ना सर. कमी कायले मांगता?"

मी तिथेच, उघड्या वर्गाच्या दारात, रिकाम्या बाकांकडे बघत मागितलं. तो शेजारी उभा होता. त्याच्यादेखत मागायला मला काही वाटलं नाही, याचंच आश्चर्य वाटलं.

या गोष्टीला आता तीन वर्षं होत आली. मधे अजून एकदा घसरलो, ते पोळ्याच्या दिवशी. त्यानंतर नाही. डॉक्टरनं इंजेक्शनं दिली, आइस्क्रीमच्या लाकडी काड्यांची चळत दातांत धरून रोज एकेक काडी वाढवायचा व्यायाम दिला. तोंड थोडं उघडलं, पूर्ण नाही. पूर्ण उघडणार नाही, हे तिनं स्पष्ट सांगितलंय. दर काही महिन्यांनी तपासणीला जातो. कपाटातला आलेख बायकोनं काढून त्या कागदाचा डब्यात तळाला अंथरायला उपयोग केला.

एक फरक मात्र मला अपेक्षित नव्हता. शाळेची माहिती मोबाइलवर भरावी लागते, ती मला येत नसे आणि मी ते लपवत असे, चुकीची भरत असे. परवा नव्या शिक्षिकेजवळ जाऊन बसलो आणि म्हटलं, "मॅडम, मले हे येत नाही, शिकवा." तिनं दहा मिनिटांत शिकवलं. दहा मिनिटांचं काम मी दोन वर्षं अंगावर काढलं होतं.

गेल्या उन्हाळ्यात शिपाई निवृत्त झाला. शाळेत निरोपाचं जेवण होतं, गावातले पालक आले होते. मला बोलायला सांगितलं. त्याच्या दारूबद्दल मी अवाक्षर काढलं नाही, ते सांगायचा हक्क त्याचा. माझं सांगितलं. टाकीमागचं, बसस्टँडचं, बोरी अरबचं. या माणसानं मला मागायला शिकवलं, एवढं म्हणून खाली बसलो. टाळ्या जरा उशिरा वाजल्या. तो मान खाली घालून गळ्यातल्या हाराची फुलं चाचपत होता.

पंगती बसायच्या आधी एक पालक जवळ आला. मला वाटलं, कसा सोडला ते विचारेल. त्यानं खिशातून पुडी काढून पुढे केली. "सर, लय चांगलं बोलले. आज कार्यक्रम आहे, एका दिवसानं काय होते?"

तोंडाला पाणी सुटलं. खोटं कशाला सांगू. मी हात धुवायला म्हणून नळावर गेलो, नळ सोडून ठेवला आणि जेवण होईपर्यंतचं मागून घेतलं. मग येऊन शिपायाशेजारी पंगतीत बसलो. वांग्याची भाजी चांगलीच झणझणीत होती. मी वाढणाऱ्याला हाक मारली आणि दही मागितलं.