कुकर लावायची खूण

शरददादा काल गेला. अंथरुणात गेला, विमानात नाही.

बातमी ऐकून मला आधी हायसं वाटलं. रडू नंतर आलं.

वहिनीचा फोन होता. "हे झोपेतच गेले गं. माझ्या शेजारीच होते." मग म्हणाली, "इतकी वर्षं ज्याची धास्ती होती ते झालं नाही. सुटले मी."

दादा माझा सख्खा भाऊ नव्हे. ऐंशीच्या दशकात जुहूच्या फ्लाइंग क्लबात भेटला. आठवडाभर घाटकोपरच्या एका कारखान्यात ड्रॉइंगच्या बोर्डवर वाकलेला असायचा आणि रविवारी दोन माणसांचं छोटं विमान घेऊन वसईपर्यंत फिरून यायचा. नुसता फिरून. मला हे पटायचंच नाही.

परतताना गोराईच्या खाडीवर आला की विमानाचे पंख डावी-उजवीकडे हलवायचा. बोरिवलीला त्यांच्या बिल्डिंगच्या गच्चीवर वहिनी उभी असायची. पंख हलले की खाली जाऊन भाताचा कुकर लावायचा, अशी ठरलेली खूण. जुहूला उतरून, स्कूटर हाकत साहेब घरी पोचेपर्यंत पानं वाढलेली.

मी वाकोल्याची, वीस वर्षांची, आणि मला भयंकर घाई. विदर्भातल्या एका ट्रेनिंग स्कूलमध्ये पाच महिन्यांत लायसन्स मिळतं असं ऐकलं आणि निघाले.

"रविवारी माझ्याबरोबर येत जा ना," दादा म्हणाला. "वर्षभर नुसतं फिरू. डोळा तयार होतो."

"मला फिरायचं नाही रे. पायलट व्हायचंय."

"पायलटच फिरतो गं. बाकीचे परीक्षा देतात."

मला राग आला. हौशी माणसाला काय कळतंय, असंही वाटलं. आज लिहायला लाज वाटते, पण वाटलं होतं खरं.

गेले. कोरडा माळ, स्वच्छ आकाश, एकाच धावपट्टीभोवती गोल गोल. दिशा होकायंत्र सांगणार, अंतर घड्याळ सांगणार. पाच महिन्यांत खरंच लायसन्स घेऊन आले आणि क्लबात मान ताठ करून फिरू लागले.

वहिनी तोवर एकदाही विमानात बसली नव्हती. "ह्यांची स्कूटर बघितलीय मी, विमानात कोण बसणार?" म्हणायची. मी म्हटलं, माझ्याबरोबर चल. आणि ती तयार झाली.

दादा हसत म्हणाला, "मी गच्चीवर थांबतो. आज कुकर मी लावणार."

जाताना सगळं झकास. वहिनीला अर्नाळ्याचा किल्ला इतका आवडला की त्याला दोन चकरा मारल्या.

परतताना समुद्रावरून धुरकं आलं. विदर्भात असलं काही बघितलंच नव्हतं मी. किनारा दिसेना, म्हणून घड्याळावर भरवसा ठेवला. घड्याळाप्रमाणे जुहूच्या अलीकडची वर्सोव्याची खाडी यायला हवी होती आणि खाली खाडी आलीच. मी डावीकडे वळले आणि उतरायचं म्हणून विमान खाली घेऊ लागले.

अर्नाळ्याच्या दुसऱ्या चकरेत गेलेली मिनिटं मी हिशोबात धरलीच नव्हती.

वहिनी खिडकीला नाक लावून बसली होती. अगदी साध्या आवाजात म्हणाली, "अगं, हा तर भाईंदरचा रेल्वेचा पूल. पलीकडे नायगाव, माझं माहेर. तू कुठे चाललीस?"

वर्सोवा अजून कितीतरी पुढे होतं. मी वसईच्या खाडीत शिरले होते आणि समोर धुरक्यात डोंगर होते.

विमान वर घेतलं, वळवलं, समुद्र गाठला आणि किनाऱ्याची रेघ सोडली नाही. पुढची खाडी वहिनीनेच ओळखली. "ही आमची, गोराईची." जुहूला उतरलो. वहिनी म्हणाली, "छान होतं गं." तोवर तिला धोका कळला नव्हता, किंवा कळून तिने दाखवलं नाही.

गोराईवर पंख हलवायचे राहून गेले, हे मला बोरिवलीच्या वाटेवर आठवलं. त्यांच्या शेजारच्यांकडचा फोन आठवडाभर बंद होता, कळवणार कसं?

दादा अजून गच्चीवरच होता. कठड्याला दोन्ही हातांनी धरून, तोंड खाडीकडे. वहिनीने हाक मारली तरी पटकन वळला नाही. वळला तेव्हा डोळे लाल होते.

मी सगळं खरं सांगितलं. तो वहिनीला म्हणाला, "दर रविवारी तुला असं होतं?"

"आज कळलं ना?" वहिनी म्हणाली. "चला, तांदूळ धुवा."

त्या वर्षी मी एअरलाइनचा फॉर्म भरला नाही. आई तिच्या मालवणीत वैतागली, "लायसन गावला मा? मगे आता कित्याक थांबलंस?" मी वर्षभर दर रविवारी दादाच्या शेजारी बसून फिरले. कुठली खाडी कशी दिसते, भरतीला कशी, ओहोटीला कशी. कारखान्याचा धूर कुठे झुकला की वारा कुठून. त्याने कधी शिकवलं नाही, नुसतं बोट दाखवायचा.

गोराई आली की मात्र सगळं सोडून म्हणायचा, "पंख." त्या दिवसानंतर एकाही रविवारी तो विसरला नाही.

पुढे मी कॅप्टन झाले, रिटायरही झाले. सगळी माणसं घरी पोचवली. ती कुणाच्या जिवावर, हे आज सांगून टाकते.

काल संध्याकाळी बोरिवलीला गेले. वहिनी पलंगाच्या त्याच्या बाजूला बसली होती. म्हणाली, "ह्या वेळी गच्चीवर जावं लागलं नाही बघ."

मी स्वयंपाकघरात गेले आणि भाताचा कुकर लावला.

दादा, आता पंख हलवायची गरज नाही. तू घरीच होतास, वहिनीने पाहिलंय.

तुझ्या घाईवाल्या पोरीचा तुला शेवटचा नमस्कार.