ठेवणीतल्या साड्या

दार उघडलं आणि मी उंबऱ्यातच थबकले. खोलीत सगळ्या बायका लग्नाला निघाल्यासारख्या ओळीनं बसल्या होत्या. ठेवणीतल्या साड्या, केसांत गजरे, हात मांडीवर. एरवी लादीवर पसरलेला माल कॉटखाली ढकलून वरून चादर सोडली होती.

मी आले होते त्यांच्या कामाचे फोटो काढायला.

जोगेश्वरीच्या डोंगरावरच्या या वस्तीत बायका दुपारी एका घरात जमतात आणि खोट्या दागिन्यांवर खडे चिकटवतात. काडीच्या टोकाला मेण लावायचं, त्यानं बारीक खडा उचलायचा आणि गोंद लावलेल्या खाचेत बसवायचा. आमच्या अंधेरीच्या संस्थेला अशा घरबसल्या काम करणाऱ्या बायकांच्या फोटोंचं प्रदर्शन भरवायचं होतं. मी तिथे आधी साफसफाईला होते. मग फोटोग्राफरची बॅग उचलून बाहेर जाऊ लागले. बघून बघून शिकले, तेव्हा संस्थेच्या मॅडमनी हातात कॅमेरा दिला. एकटीनं करायचं हे माझं पहिलंच काम. फोटो जमले नाहीत तर बाहेरचा माणूस येईल आणि तू परत बॅग उचलशील, असं मॅडमनी सरळ सांगितलं होतं.

आणखी एक सांगितलं होतं. आधी कळवू नकोस, कॅन्डिड पाहिजेत. कॅन्डिड म्हणजे माणूस आपल्या नादात असताना काढलेला फोटो.

मी कळवलं. आदल्या दिवशी जाऊन मालतीवहिनींना सांगून आले, कारण सगळ्या त्यांच्याच घरी बसतात. न सांगता कोणाच्या घरात कॅमेरा घेऊन शिरणं मला जमलं नसतं. माझ्या घरी कोणी तसं आलं असतं तर मी दार लावून घेतलं असतं.

मी हळूच म्हटलं, "वहिनी, रोजच्यासारखं बसा ना."

"रोजचं काय बघायचंय त्यात?" वहिनी म्हणाल्या.

कोपऱ्यात पार्वतीकाकी होत्या. सगळ्यांत वयस्क, मालवणकडच्या. त्यांनी मला खालून वर बघितलं. "आमच्या घरात काय लुगड्यांचो दुष्काळ पडलो हा? फाटक्यातच फोटो कित्याक व्हयो गो तुका?"

सगळ्या हसल्या. मी कॅमेरा बाहेर काढला.

मग त्यांना हवे तसेच काढले. आधी ओळीनं, मग एकेकीचं पोर्ट्रेट, म्हणजे एकटीचा फोटो, समोर बघून. एकीला फ्रिजशेजारी हवा होता, आणि फ्रिज पूर्ण यायला हवा होता. काकींनी मला शेजारच्या आपल्या घरी नेलं आणि भिंतीवरच्या नवऱ्याच्या फोटोखाली उभं राहून काढून घेतला. मी कोणाची घाई केली नाही. पण आतून एकच म्हणत होते, वाट लागली.

फोटो संपले तशी वहिनींची नजर घड्याळाकडे गेली. संध्याकाळी काम देणाऱ्या शेठचा माणूस माल न्यायला येणार होता, आणि नटण्यात आणि फोटोंत अर्धी दुपार गेल्यामुळे अर्धं काम तसंच पडलेलं. साड्या बदलायला घरोघरी गेल्या तर आणखी वेळ जाणार. वहिनींनी चादर वर केली, माल बाहेर ओढला आणि पदर कमरेला खोचला. बाकीच्याही तशाच बसल्या. कोणी रेशमी साडीवर जुना टॉवेल टाकला. काकींचा गजरा कानावर घसरला, तरी त्यांनी हात लावला नाही. दोन्ही हातांना गोंद होता.

थोड्या वेळात त्या मला विसरल्या. मला विसरणं सोपं असतं. मी उंबऱ्याशी बसले आणि फोटो काढत राहिले.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी ते कॉम्प्युटरवर बघितले. एकेक फोटो मोठा करून पाहिला. मग म्हणाल्या, "सुनंदा, उजेड मस्त पकडलायस. पण हे सजवलेलं वाटतं गं. खडे चिकटवायला कोण असली साडी नेसतं? परत जा, जुन्या साड्यांत काढून आण."

ऑफिसात मी बहुतेक 'हो मॅडम' एवढंच बोलते. त्या दिवशी मात्र तेवढ्यावर थांबले नाही.

"मॅडम, मी त्यांना जुन्या साड्या नेसायला लावल्या, तर ते सजवलेलं होईल."

"आणि लोकांनी विचारलं तर मी काय सांगू?"

"खाली लिहूया ना. फोटो निघणार म्हणून चांगलं नेसल्या. माल जायचा होता म्हणून तशाच कामाला बसल्या."

मॅडमनी फोटो पुन्हा एकदा उघडले. "बरं. लावते. पण कोणी नावं ठेवली तर उत्तर तू द्यायचं."

चारचौघांत बोलायचं म्हणजे मी मागे सरकते, हे त्यांना ठाऊक होतं. तरी मी हो म्हटलं.

प्रदर्शनाच्या दिवशी मी हॉलच्या खांबाआड उभी होते. एका गृहस्थांनी विचारलंच, की या बायका इतक्या नटलेल्या का. मी घसा खाकरून पुढे झाले, तेवढ्यात दारातून, मी बोलावल्याप्रमाणे, मालतीवहिनी आणि बाकीच्या आल्या. नेसल्या होत्या त्याच साड्या. असणार तरी दुसऱ्या कुठल्या? लोकांनी एकदा भिंतीकडे बघितलं, एकदा त्यांच्याकडे, आणि ओळखलं. त्यांच्याभोवती गर्दी झाली. जुन्या साड्यांतले फोटो असते तर कोणी इतक्या पटकन ओळखलं नसतं. त्या गृहस्थांना काकींनी खडा कसा उचलतात ते कोणाच्या तरी पेनानं करून दाखवलं. मला तोंड उघडावंच लागलं नाही.

मग काकी कामात असतानाच्या आपल्या फोटोसमोर गेल्या. अगदी जवळ जाऊन वाकल्या.

"गजरो पडत होतो तर सांगूचा नाय तुया?" त्या म्हणाल्या. आणि मग हळूच, "पण कामात बरी दिसतंय मी."

त्या फोटोखाली माझं पूर्ण नाव छापलं होतं. मी दोनदा जाऊन वाचलं.

पुढच्या कामाला मॅडमनी बाहेरचा माणूस बोलावला नाही. बॅग अजून मीच उचलते, पण तिच्यातला कॅमेराही मीच चालवते. लोकांकडे आदल्या दिवशी सांगूनच जाते. फक्त आता आधी विचारून घेते, माल कधी जायचाय, आणि त्याच दिवशी जाते.