सहा फुटी टाकीची झाकणं

आमच्या हॉलमधली माशांची टाकी सहा फुटी आहे. नवीन पनवेलला घर घेतलं तेव्हा सोफ्याआधी ती आली. मासे यांचे. उरणची बंदरातली नोकरी संपल्यावर तर यांचा सगळा जीव त्यातच. मी आयुष्यभर ब्लाउज शिवले. टाकीशी माझा संबंध एवढाच, की दर रविवारी हे बारा बादल्या पाणी काढायचे, बारा बादल्या भरायचे, आणि सांडलेलं मी पुसायची.

गेल्या वर्षी एका लग्नाहून परत आलो, तर यांचा सगळ्यात जुना, वीतभर लांबीचा चंदेरी मासा फरशीवर मरून पडलेला. टाकीवर काचा होत्या, पण नळ्या आणि वायरींसाठी सोडलेल्या फटीतून त्यानं उडी मारली होती. हे दोन दिवस नीट जेवले नाहीत. पुढच्याच महिन्यात यांची पाठ धरली. "यापुढे बादली उचलायची नाही," डॉक्टरांनी बजावलं. घरी येऊन हे म्हणाले, "टाकी देऊन टाकू कुणाला तरी."

तो आवाज मला ऐकवला नाही. "आधी मला बघू द्या," मी म्हणाले.

पहिली झाकणं मी ॲक्रिलिकची केली. आठ दिवसांत ओलीनं त्यांचे कोपरे पापडासारखे वर वळले. हे हसले नाहीत, तेच मला जास्त लागलं. मग मी कळंबोलीला शेडचं सामान विकणाऱ्या दुकानात गेले. छपरात उजेड यावा म्हणून बसवतात तो पॉलिकार्बोनेटचा पत्रा तिथे मिळाला. आतून पोकळ, हलका, ओलीनं न वाकणारा.

"ताई, शेड केवढी आहे?" दुकानदारानं विचारलं.

"सहा फूट बाय दोन फूट."

त्यानं मोबाइलमधून मान वर काढून माझ्याकडे बघितलं.

टाकीवर वर्तमानपत्र अंथरलं आणि ब्लाउजचा गळा कापावा तसं नळ्यांभोवती कापून नमुना काढला. पत्र्याला दोन थर असतात. खालचा थर चिरला आणि वरचा तसाच ठेवला, की पत्रा तिथे दुमडतो, बिजागरी लागत नाही. पुढची पट्टी उचलायची, खाणं टाकायचं. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. फट एकही राहिली नाही.

राहिलं पाणी. मी पीव्हीसी पाइपचा एक आकडा बनवला आणि टाकीच्या काठावर अडकवला. त्याचं आतलं टोक मुद्दाम आखूड ठेवलं, वरचं तिसरा हिस्सा पाणी निघेल एवढंच. बाहेरच्या टोकाला लांब नळी लावून ती बाथरूममध्ये सोडली. भरण्यासाठी बाल्कनीत मोठा ड्रम ठेवला. त्यात आदल्या दिवशी नळाचं पाणी भरून ठेवायचं, म्हणजे क्लोरीन उडतं. ड्रममध्ये कूलरचा छोटा पंप टाकला आणि त्याची नळी टाकीत सोडली.

पहिल्या रविवारी हे खुर्चीत बसून बघत होते. मी पाइप आणि नळी आधी पाण्यानं भरून घेतली, मग टोक बाथरूममध्ये सोडलं, तशी धार सुरू झाली. पाणी उतरत उतरत पाइपच्या टोकाखाली गेलं, नळीनं घरघर करून हवा ओढली आणि धार आपोआप थांबली.

"बंद पडलं का गं?"

"बंद पडलं नाही, थांबलं. मी मोजून कापलंय."

मग पंपाचं बटण दाबलं. टाकी भरली. फरशीवर थेंब नाही. हे उठले, पाइपवरून हात फिरवला आणि म्हणाले, "इतकी वर्षं बादल्या वाहिल्या, मला नाही हे सुचलं." चाळीस वर्षांच्या संसारात यांनी माझं असं कौतुक केल्याचं मला तरी आठवत नाही.

खारघरचे यांचे मित्र आले, त्यांच्याकडेही मोठी टाकी आहे. वाकून वाकून सगळं बघून त्यांनी यांना विचारलं, "कुणाकडून करून घेतलंस?"

"घरातच केलंय. हिनं," हे म्हणाले. छाती अशी फुगवून, की जणू यांनीच केलंय.

पुढच्या आठवड्यात मी खारघरला गेले. भाऊजींनी ड्रिल, करवत, सगळी हत्यारं फरशीवर मांडून ठेवली होती. "वहिनी, यातलं काय काय लागेल?"

"काही नको," मी पिशवीतून कटर काढत म्हटलं, "तुम्ही फक्त मापाची पट्टी घट्ट धरा."