अक्काला बसवायचं कसं

माझ्या थोरल्या बहिणीला निवांत बसलेलं पाहिलंय, असं सांगणारा माणूस मला अजून भेटायचाय.

एकतीस वर्षं तिनं बाटल्यांच्या कारखान्याचं कँटीन चालवलं. जेवायची सुटी अर्ध्या तासाची, जेवणारे चारशे आणि खुर्च्या एकशे साठ. हे गणित रोज सोडवायचं तर उपाय एकच, खाल्लं की उठायचं. कुणी रिकाम्या ताटापुढं गप्पा हाणत बसला, की अक्का मागून यायची, ताट उचलायची आणि म्हणायची, "मागचा उपाशी आहे." फोरमन असो नाही तर मोठा साहेब, ताट गेलं म्हणजे गेलं. एकदा म्हणे एका साहेबाचा शेवटचा घास हातातच राहिला आणि ताट धुवायला पोचलंसुद्धा. तो साहेब पुढं कायम उभ्यानंच चहा प्यायचा.

निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, पण कारखान्याचा भोंगा तिच्या अंगात अजून वाजतो. दाजी जाऊन नऊ वर्षं झाली. घरात ती आणि तिची लेक, म्हणजे माझी भाची. दोघींच्या घरात खुर्च्या चार आहेत आणि अक्का एकीवरही टेकत नाही. जेवतेसुद्धा ओट्याशी उभी राहून. तिच्या पायाला जन्मापासूनची भिंगरी आहे. माझं उलट. पोस्टाच्या खिडकीमागं मी बत्तीस वर्षं बसून काढली आणि एकदाही कंटाळलो नाही.

गुरुवारी भाचीचा फोन आला. "मामा, रविवारी मोकळा आहेस?"

मी मोकळाच असतो.

भाची दातांच्या प्रयोगशाळेत काम करते. डॉक्टर तोंडाची मापं पाठवतात, ही त्यावरून कवळ्या आणि दात घडवते. हात असा की खरा दात कुठला आणि हिचा कुठला ते ज्याच्या तोंडात आहे त्यालाही सांगता येऊ नये. तिला परदेशातल्या मोठ्या प्रयोगशाळेत नोकरी लागली होती. तीन वर्षांचा करार, आणि जमलं तर पुढं तिथंच राहायचं. एकोणीस दिवसांनी निघायचं होतं आणि आईला पत्ता नव्हता.

"अगं, मग सांग की!" मी म्हटलं.

"चारदा सांगायला गेले मामा. पहिल्यांदा म्हणाली, आलीच आहेस तर लसूण सोल. सोलला. दुसऱ्यांदा पडदे काढायला लावले. परवा ती स्टुलावर चढून पंखा पुसत होती. तेव्हा सांगू? पडली म्हणजे? घरी मला आईची पाठच दिसते रे. पाठीला काय सांगायचं?"

"मग काय करणार?"

"बाहेर नेते. त्या चौकातल्या कॅफेत, ब्रंचला. तिथं ओटा नाही, केरसुणी नाही. बसावंच लागेल. तू फक्त तिला उठू देऊ नकोस. बाकीचं मी बघते."

एवढंच काम माझ्याकडं होतं. शेंबडं पोरही करेल इतकं.

रविवारी सव्वादहाला पोचलो तर कॅफेबाहेर ही रांग! शहरभर गाजलेलं ठिकाण, आठवड्यातून एकदा सगळ्यांना तिथंच भूक लागते. दारात एक मुलगी यादी घेऊन उभी. तिनं आम्हाला सव्वीस नंबर दिला आणि पाऊण तास लागेल म्हणाली. बाहेर टेकायला साधी पायरी नव्हती. अक्काला बसवायला आणलेल्या जागी पहिला पाऊण तास उभ्यानंच जाणार, हे पाहून भाचीचा चेहरा पडला.

अक्कानं काचेला नाक लावून आत पाहिलं. "चौदा टेबलं. सहांवरची ताटं रिकामी आहेत आणि माणसं तशीच बसलीत. करतात काय?"

"गप्पा मारतात," मी म्हटलं.

"त्या बाहेर येऊन मारता येत नाहीत?"

"अक्का, हे कँटीन नाही."

"नसेना. भूक तर तीच ना?" असं म्हणून ती रांगेत मागं पुढं येरझारा घालू लागली. दर फेरीला काचेपाशी थांबायची आणि मला आकडा सांगायची. आता सात. आता पाच. त्या कोपऱ्यातल्या बाईनं रिकाम्या कपात तिसऱ्यांदा चमचा फिरवला. मागच्या दोन पोरी हसायला लागल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

अखेर आत गेलो. टेबल परातीएवढं आणि स्टुलं उंच, बिनपाठीची. कोंबड्या दांडीवर बसतात तसे आम्ही तिघं त्यावर चढून बसलो. माझे पाय लोंबकळत होते. गाण्याचा आवाज असा, की शेजारच्याशी भांडल्यासारखं बोलावं. पदार्थ फोनवरून मागवायचे, माणसाशी बोलायचंच नाही. अक्कानं विचारलं, "मग ती एवढी पोरं हिंडतायत कशाला?"

कॉफी आली. दुधावर पानाची नक्षी, खाली घोटभर कॉफी. त्यानंतर पस्तीस मिनिटं काही नाही. भाची कागदी रुमालाच्या पट्ट्या फाडत होती आणि तिचा गुडघा टेबलाखाली सारखा हलत होता, त्यामुळं कपही हलत होते. मी तिला डोळ्यांनी खुणावलं, बोल.

"आई, मला तुला एक..."

तेवढ्यात कुणीतरी आत मिक्सर सुरू केला. तो थांबला तर एक हसरा वेटर मधेच उगवला. "सगळं ठीक आहे ना?"

"काही आलंच नाही तर ठीक काय डोंबलाचं?" अक्का म्हणाली आणि उठायला लागली. "मी बघून येते आत काय झालंय." मी तिचं कोपर धरलं आणि तिला परत बसवलं. त्या क्षणी मला फार अभिमान वाटला होता, हे कबूल करतो.

मग आधी टोस्ट आला. दहा मिनिटांनी अंडी आली. अक्कानं बोटाची मागची बाजू टोस्टला लावली, जशी आपण तापलेल्या पोराच्या कपाळाला लावतो. "गार. टोस्ट आधी भाजून ठेवला, अंडं विसरले. आत टोस्टवाल्याचं आणि अंडेवाल्याचं पटत नाही बघ." ती खाली मान घालून खाऊ लागली. पाच मिनिटांत तिचं ताट स्वच्छ. तिला काही आवडलं नव्हतं, पण ताटात टाकायची सवय नव्हती. भाचीनं एक तुकडा तोडला होता आणि तो ती ताटभर फिरवत होती.

माझे पॅनकेक आले. चित्रात तिमजली होते, ताटात दोन पापुद्रे आणि तेही मधे कच्चे. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! दीड तास उपाशी ठेवून हे? माझं डोकं सणकलं. ताट उचललं आणि तडक काउंटरकडं निघालो. अक्काला उठू न देण्यासाठी ज्याला आणलं होतं, तोच उठला. अशी अक्कल मलाच सुचायची.

काउंटरवर मी तावातावानं बोलत होतो आणि मधेच मागं पाहिलं. काचेबाहेर काठी टेकत एक म्हातारे गृहस्थ उभे होते, शेजारी त्यांची बायको. एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेत होते. अक्काची नजर त्यांच्यावर होती. भाची पुढं झुकून बोलायला लागली होती, मला तिचे ओठ हलताना दिसले. आणि अक्का उठली.

"थांब!" मी ओरडलो. त्या गाण्यात कुणाला ऐकू जाणार?

तिनं स्वतःचं ताट उचललं, त्यावर भाचीचं भरलेलं ताट ठेवलं, कपात काटे उभे केले, फाटक्या रुमालाच्या पट्ट्यांनी टेबल पुसलं. सगळं मिळून दहा सेकंद. मग दाराकडं हात करून म्हणाली, "या आजोबा, या. झालं आमचं."

ते दोघं आले. आजोबांनी बसता बसता अक्काला इतक्यांदा धन्यवाद दिले, की त्यांना उठा म्हणायची सोय राहिली नाही. वेटर तोंड उघडं टाकून बघत राहिला. भाची भर वाटेत उभी, हात मोकळे, डोळ्यांत पाणी. मला माझी इतकी लाज वाटली, की कच्चे पॅनकेक तिथंच टाकून मी तिच्याकडं धावलो.

अक्का ताटं घेऊन पुढं निघाली होती. "मोरी कुठंय यांची?"

"आई!" भाची ओरडली. शेजारच्या दोन टेबलांनी माना वळवल्या. "मला परदेशात नोकरी लागलीय. सोळा दिवसांनी जायचंय. तीन वर्षं. कदाचित कायमचीच. चारदा सांगायला आले, तू एकदा तरी ऐकायला बसलीस का गं?"

ताटं पडली नाहीत. अक्काच्या हातून ताट पडत नाही. तिनं ती काउंटरवर एकेक करून ठेवली, काटे सरळ केले, कप आत सरकवला. मग तिला करायला काही उरलं नाही. तिचे हात तसेच पुढं राहिले.

"चारदा?" तिनं विचारलं.

"चारदा."

"मी काय करत होते?"

अक्का लेकीच्या तोंडाकडं बघत होती. सरळ, इतका वेळ, की मलाच चुळबुळ सुटली.

"मला जरा बसायचंय," ती म्हणाली.

साठ वर्षांत हे वाक्य मी तिच्या तोंडून ऐकलं नव्हतं. मी खुर्ची शोधायला गर्रकन वळलो. चौदाच्या चौदा टेबलं भरलेली. आमच्या टेबलावर आजोबा आजींना चित्रातले पॅनकेक दाखवत होते. यादीवाल्या मुलीला मी एखादं स्टूल मागितलं. ती म्हणाली, जादा स्टूल नाही, पुन्हा नंबर घ्यावा लागेल आणि आता पन्नास मिनिटं लागतील.

"चल अक्का, घरी जाऊ," मी म्हटलं. "तिथं चार खुर्च्या आहेत."

"घरी नको." अक्कानं भाचीचं मनगट घट्ट धरलं होतं. "घरी मला काम दिसेल."

ती लेकीला घेऊन रांगेच्या शेवटाला जाऊन उभी राहिली. काचेकडं पाठ, तोंड भाचीकडं. यादीवाली मुलगी मागोमाग आली. म्हणाली, फारच वेळ लागेल, चालेल ना?

"लिही, तिघं," अक्का म्हणाली. "आम्हाला घाई नाही."