शेजारच्या वाटीतली गोळी

आईच्या हातावर काळेनिळे डाग दिसायला लागले तेव्हा मी आधी तिच्यावरच चिडले. हृदयाची झडप बदललेली, त्यामुळे रक्त पातळ ठेवायची गोळी तिला कायमची. कुठं धडपडलीस म्हणून विचारलं तर "कुठीच नाही" म्हणाली. मग एका सकाळी दात घासताना हिरड्यांतून आलेलं रक्त थांबेना, आणि मी तिला तडक दवाखान्यात नेलं.

आदिलाबादच्या डॉक्टरांनी तपासलं. रक्त नको तितकं पातळ झालेलं. दुसरं काही औषध चालू आहे का, असं त्यांनी आधी तेलुगूत विचारलं, मग हिंदीत. आईनं दोन्ही वेळा मान हलवून नाही म्हटलं. त्यांचा विश्वास बसला नाही. आजची गोळी देऊ नका, आणि घरात जे जे गिळलं जातं ते सगळं पिशवीत घालून आणा, कशाचं कशाशी जमत नाही ते बघू, असं त्यांनी मला बजावलं.

घरी येऊन मी झडतीच घेतली. देवाजवळचा डबा, उशीखाली, चहापत्तीच्या मागे. खोकल्याची एक जुनी बाटली तेवढी निघाली. आईच्या रक्ताच्या गोळ्या मात्र वेळेआधीच संपत आल्या होत्या. ही दोन-दोन घेते, असं मी मनाशी पक्कं केलं. तेवढ्यात ओट्यावर शेजारच्या मावशींची स्टीलची वाटी दिसली. वाटीत पाकिटासकट कापलेली एक पांढरी गोळी.

"हे काय?"

"गुडघ्याची हाय. बाईनं देली. लय आराम पडते."

"आणि डॉक्टरला नाही म्हणालीस?"

"त्यानं औषध इचारलं. हे तं शेजारचं हाय."

मी कपाळावर हात मारला. विरजण मागावं तशी गोळी मागून आणली होती! लगेच डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी गोळीचं नाव वाचायला लावलं आणि जवळजवळ ओरडलेच. या दोन्ही एकत्र गेल्या तर पोटात कुठंही रक्त सुटू शकतं, म्हणाले.

"आणि तुझ्या गोळ्या एवढ्या लवकर कशा संपल्या?" मी आईला विचारलं.

"वाटी रिकामी कशी धाडू? मी बी माही एक टाकतो. तिच्या बी छातीत धडधड होते ना."

ज्या गोळीसाठी आईचं रक्त पुन्हा पुन्हा तपासतात, ती शेजारी वाटीतून जात होती. चटणी जावी तशी.

"मावशी कुठं आहेत?"

"दाढ काढाले गेली, मावल्याच्या दवाखान्यात."

मी त्यांना लावलेला फोन नुसता वाजत राहिला. दुसऱ्यांदा लावला तेव्हा मावशींनी उचलला. "खुर्चीत बसून राह्यली बाई, सुई देऊन राह्यले. मंग लाव."

"मावशी, उठा! तोंड उघडू नका!" मी एवढ्यानं किंचाळले की दातांच्या डॉक्टरांनीच फोन हातात घेतला. मी सांगितलं. ते म्हणाले, "आज दाढ नाही काढत. आधी यांचं रक्त तपासायला पाठवतो."

आईनं सगळं ऐकलं होतं. ती भिंतीला टेकून खाली बसली. "म्या तिले मारलं असतं वो माय," एवढंच ती परत परत म्हणत राहिली. मला तिच्यावर रागावताही येईना.

संध्याकाळी मावशींनी सुजलेला गाल धरून सांगितलं की त्यांचंही रक्त पातळच निघालं. दाढ निघाली असती तर रक्त थांबलंच नसतं, असं डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं.

त्या गेल्यावर आईनं त्यांची वाटी घासली, पुसली आणि हातात धरून उभी राहिली. रिकामी धाडवेना, भरायला हात होईना.

"चिमूटभर साखर टाक," मी म्हटलं.

तिचा हात डब्यावरच थांबला. "तिले शुगर हाय," ती म्हणाली. "डॉक्टरले इचार ना आधी."