सासूबाईंची अलका दरीत पडली

माझ्या सासूबाईंची राजकन्या दरीत पडली तेव्हा मी साबुदाण्याची खिचडी खात होतो. एका हातात चमचा, दुसऱ्या हातात माऊस. तोल गेला तो राजकन्येचा. खिचडीचा एक दाणासुद्धा सांडला नाही. (माझी पकड पहिल्यापासून चांगली आहे.)

राजकन्या अर्थातच कॉम्प्युटरमधली. पण तिच्यापर्यंत पोचायचं तर आधी सासूबाईंपासून सुरुवात करायला हवी.

गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर सासूबाई आमच्याकडे वारज्याला राहायला आल्या. त्यांनी अख्खी नोकरी वीजबिल भरायच्या खिडकीमागे काढलेली. रिटायर झाल्या, खिडकी सुटली, पण आवाज तसाच राहिला. "चहा छान आहे. गरम असता तर आणखी छान लागला असता," असं त्या सहज बोलून जातात. ऑपरेशननंतर मात्र तो आवाजच बसला. टीव्ही नको, पेपर नको, फिजिओथेरपीवाला तर नकोच नको. दिवसभर गॅलरीत बसून पार्किंगकडे बघायच्या. माझी बायको अश्विनी स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसायची. मलाही ते बघवेना.

"सोपं आहे. मी करतो काहीतरी," मी म्हणालो. (हे वाक्य मी आमच्या घरात वरचेवर म्हणतो. त्यानंतर अश्विनी प्लंबरला फोन करते.)

आमच्या कॉलेजच्या काळातला एक गेम होता. तो शोधून काढून मी त्यांच्यासाठी जुन्या लॅपटॉपवर टाकून दिला. राजा आजारी, औषधाचं निळं फूल सात दऱ्यांपलीकडच्या किल्ल्यात, आणि ते आणायला राजाची मुलगी एकटी निघालेली. तिनं कुठं जायचं, काय उचलायचं, कुणाशी बोलायचं, हे आपण माऊसनं सांगायचं.

"राजाला मुलगा नाही का?" सासूबाईंनी विचारलं.

"आहे ना. तो शिकारीला गेलाय."

"म्हणजे घरोघरी तेच," असं म्हणून त्यांनी चष्मा पुसला आणि माऊस हातात घेतला. (त्यांचा मुलगा, म्हणजे माझा मेहुणा, कॅनडात असतो.)

राजकन्येचं नाव अलकारीना. एवढं नाव घेईपर्यंत पोरगी पुढच्या गावाला पोचेल, म्हणून सासूबाईंनी तिची अलका केली. आणि काय सांगू, पंधरवड्यात घराचा नूरच पालटला! "अलका, पायाखाली बघ." "अलका, अनोळखी माणसाकडचं काही खाऊ नकोस." संध्याकाळी बिल्डिंगमधल्या बायका अलका कुठवर पोचली ते बघायला यायला लागल्या. समोरच्या फ्लॅटमधल्या, मूळच्या अकोल्याच्या वानखडे काकू तर रोज पहिली खुर्ची धरायच्या. त्यांना दार उघडायला सासूबाई स्वतः उठायच्या, वॉकर विसरून! फिजिओथेरपीवाल्याला जे जमलं नाही ते मी एका गेमवर करून दाखवलं होतं, आणि हे मी ऑफिसात सगळ्यांना सांगितलंही होतं.

अलका शेवटच्या दरीवरचा पूल ओलांडून किल्ल्याच्या दाराशी पोचली. सासूबाईंनी तिथं गेम थांबवला आणि बिल्डिंगच्या ग्रुपवर संदेश टाकला: "रविवारी चार वाजता अलका किल्ल्यात शिरेल. भेळ आहे. वेळेवर यावे. उशिरा येणाऱ्यांसाठी पुन्हा लावले जाणार नाही."

शुक्रवारी सासूबाई भाच्याच्या नातवाच्या बारशाला लोणी काळभोरला गेल्या. जाताना म्हणाल्या, "मिलिंदराव, लॅपटॉपला हात लावू नका."

"छे हो आई. मी कशाला लावतोय?"

शनिवारी सकाळी मी लावला.

नुसतं बघायचं होतं हो! तो किल्ला, तो पूल, आमची कॉलेजची हॉस्टेलची खोली... मन भरून आलं. सहज म्हणून पुलाच्या कठड्यावर क्लिक केलं, तर अलका कठड्यावर चढली आणि पलीकडे गेली. तेवढ्यात स्क्रीनवर काहीतरी चौकट आली. आम्ही आयटीवाले चौकट वाचत नाही, 'हो' म्हणतो. मी तोंडात घास असताना 'हो' म्हणालो. चौकटीत विचारलं होतं की, खेळ आहे तसा साठवायचा का. आणि त्या जुन्या गेममध्ये खेळ साठवायला जागा एकच!

म्हणजे अलका साठवली गेली ती दरीत पडता पडता. गेम बंद करून उघडला, अलका हवेत. "आऽऽऽ!" धप्प. पुन्हा उघडला. "आऽऽऽ!" धप्प. मशीन बंद करून चालू केलं (आमच्या क्षेत्रातला हा सर्वोच्च उपाय आहे), तरी "आऽऽऽ!"

अश्विनी ओल्या कपड्यांची बादली घेऊन आली. "कोण ओरडतंय?"

"अलका."

"काय केलंस तू तिला?"

"मी काही नाही केलं. ती पडतीये."

"कधीपासून?"

"खिचडीपासून."

अश्विनीनं बादली खाली ठेवली. "मिलिंद, उद्या सगळी बिल्डिंग येणारे. आई चिंच भिजवायला सांगून गेलीये. इतक्या दिवसांनी ती माणसात आली आणि तू तिची अलका ढकलून दिलीस?"

तिचा आवाज कापत होता. घरात एकानं तरी धीर धरायला हवा. "सोपं आहे," मी म्हणालो, "पहिल्यापासून खेळतो. उद्या दुपारपर्यंत अलका दाराशी उभी. आईंना पत्तासुद्धा लागणार नाही."

असल्या खेळांचा एकच नियम आहे, आणि तो मला पाठ आहे: दिसेल ते उचलायचं. पुढं कधीतरी लागतंच. मी झोपडीतला दिवा उचलला. देवळातली घंटा उचलली. नावाड्याची काठी उचलली. पाळण्यातला खुळखुळा उचलला. सासूबाईंनी जिथं चार दिवस लावले ते गाव मी चहा निवायच्या आत पार केलं. जेवणाच्या वेळेपर्यंत मी नदीवर पोचलो होतो आणि माझी मलाच शाबासकी देत होतो.

नदीवर एक राक्षसीण होती.

ही बाई पैलतीरी नेते, पण नेईल तर शप्पथ. आधी ती अलकाला वाडगाभर कढण देते. अलका ते पिते. मग राक्षसीण हात पुढं करून उभी राहते. मी वाडगा परत दिला, तिनं अलकाला खाल्लं. वाडगा दिला नाही, खाल्लं. सोन्याचं नाणं दिलं, नाणं ठेवून घेतलं आणि खाल्लं.

"परत खाल्लं?" अश्विनी गॅलरीतून विचारायची.

"विचार करतोय मी!"

"तो करून झाल्यावर आईला फोन कर."

मी केला. पण युक्तीनं! मागून बारशाचा गलका ऐकू येत होता.

"आई, कसं चाललंय बारसं?"

"पाळण्यातलं शांत आहे. बाकीचे रडतायत. बोला."

"सहज केला हो फोन. मला सांगा, समजा नदीकाठी एक राक्षसीण आहे..."

"ऑफिसात नव्या मॅडम आल्या का?"

"नाही, नाही. समजा हं. तिनं आपल्याला वाडगाभर कढण दिलं. आपण ते प्यायलो. मग आपण काय करायचं?"



"तुमच्या आईनं काही शिकवलं नाही का तुम्हाला?" असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

आता एकच माणूस उरलं होतं. मी समोरची बेल वाजवली.

"काकू, ती नदीवरची राक्षसीण आहे ना, तिथं आईंनी काय केलं होतं?"

वानखडे काकूंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "काहून? त्याईलेच विचारा ना."

"त्या लोणीला गेल्यात. मला आपलं असंच... कुतूहल."

"माहीत हाय मले. तिथंच तं बसली होती मी. पण भाऊ, पहिले माझा डबा आणून द्या. सांबारवडीचा डबा कधीचा तुमच्या घरी पडून हाय." (सांबारवडी म्हणजे कोथिंबिरीची. त्यांच्या अकोल्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. वडी अप्रतिम होती. डब्यात मी सध्या स्क्रू ठेवत होतो.)

मी धावत घरी आलो, स्क्रू ओतले, डबा लख्ख घासला, पुसला आणि नेऊन दिला. काकूंनी झाकण उघडलं. आत बघितलं. माझ्याकडे बघितलं. मग डबा उपडा करून बघितला.

"रिकामा?"

"घासलाय, काकू."

"ते दिसून राहिलं."

"मग ती राक्षसीण?"

"भाऊ, आता अजून काय सांगू तुमाले? हेच तं उत्तर हाय!" आणि दार बंद.

मी तणतणत घरी आलो. "फसवलं बाईनं! डबा घेतला आणि उत्तर दिलंच नाही. म्हणे, रिकामा डबा हेच उत्तर!"

अश्विनी घड्या घालायची थांबली. मग कपड्यांच्या ढिगावर बसली आणि हसत सुटली. "तू काकूंचा डबा रिकामा परत दिलास? अरे, भरून आलेलं भांडं कुणी रिकामं परत देतं का? काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालतात!"

आणि मग आम्ही दोघांनीही एकदम स्क्रीनकडे बघितलं.

अलकाच्या पिशवीत एक सफरचंद होतं. ते वाडग्यात ठेवलं आणि वाडगा राक्षसिणीला दिला. तिनं आत बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. (त्या जुन्या चित्रात ते निळे ठिपके होते, पण आलं.) तिनं अलकाला खांद्यावर बसवलं आणि नदीपार नेऊन सोडलं.

रविवारी जेवणं आटपायच्या आत अलका किल्ल्याच्या दाराशी उभी होती. खेळ साठवला. लॅपटॉप होता तसा, तिरका, टेबलावर ठेवला. खिचडीचा वास जावा म्हणून माऊससुद्धा पुसला. आता ब्रह्मदेव आला तरी त्याला काही कळणार नव्हतं.

चार वाजता ब्रह्मदेव नाही, सासूबाई आल्या. हॉल बायकांनी भरला, भेळेच्या बशा फिरल्या, वानखडे काकू पहिल्या खुर्चीत. सासूबाईंनी गेम उघडला. अलका दाराशी उभी. माझा जीव भांड्यात पडला.

सासूबाईंनी पहिलं क्लिक केलं ते पिशवीवर. (बाहेर पडताना पर्स उघडून बघायची त्यांना सवय आहे, ते मी विसरलोच होतो.)

"ही काठी कुणाची?"

"कुठली हो?"

"नावाड्याची. आंधळ्या म्हाताऱ्याची काठी उचललीत तुम्ही?"

भेळ खाण्याचा आवाज थांबला.

"आई, या गेममध्ये दिसेल ते उचलायचं असतं."

"ही देवळातली घंटा. आणि हा खुळखुळा? तान्ह्या पोराच्या हातातला?"

"पाळण्यातला," मी दुरुस्ती केली.

"बापा! पोरगी तं चोर निघाली!" वानखडे काकू म्हणाल्या.

सासूबाईंनी किल्ल्याच्या दारावर क्लिक केलं. दारात पहारेकरी आला, त्यानं पिशवी तपासली आणि अलकाला उचलून सरळ कोठडीत टाकलं. "गेली येरवड्याले," काकूंनी निकाल दिला.

मला खरोखर धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. सासूबाईंनी इतक्या दिवसांत एवढी एकच गोष्ट हौसेनं केली होती, आणि भर सभेत मी तिची माती केली होती. मी त्यांच्या तोंडाकडे बघायचं धाडस केलं. तर त्या हसत होत्या.

"तुमची राक्षसीण फोनवर आली तेव्हाच कळलं मला," त्या म्हणाल्या. "म्हटलं, बघू तरी जावई पोरीला कुठवर आणतात."

"आणली की हो किल्ल्यापर्यंत!"

"आणलीत. कशी आणलीत ते सगळ्यांनी बघितलं."

त्यांनी पुन्हा गेम उघडला, अलकाला किल्ल्याकडे पाठ करायला लावली आणि निघाल्या परत. नावाड्याला काठी. देवळाला घंटा. झोपडीला दिवा. बाळाला खुळखुळा. बायका रस्ता सांगत होत्या, "डावीकडे हो, डावीकडे!" दिवेलागण झाली तरी एक बाई हलली नाही. भेळ दोनदा संपली, दोनदा मीच कांदा चिरला. हलकी पिशवी घेऊन अलका दाराशी आली, तेव्हा पहारेकऱ्यानं वाकून दार उघडलं आणि आत, बागेच्या मधोमध, ते निळं फूल होतं.

हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. सासूबाईही टाळ्या वाजवत होत्या. उभ्या राहून. दोन्ही हातांनी, खुर्चीला, टेबलाला, कशालाही न धरता. अश्विनीनं माझा हात घट्ट दाबला.

बायका पांगल्यावर सासूबाई म्हणाल्या, "मिलिंदराव, अलकानं सगळ्यांचं परत केलं. तुमचं एक राहिलंय. समोर डबा भरून जाऊ दे. स्वतः करा."

"सोपं आहे," मी म्हणालो, आणि शिरा केला. रवा जरा खमंग भाजला गेला (काळा म्हणणाऱ्यांनी म्हणावं), साखरेऐवजी सुरुवातीला मीठ पडलं, पण ते मी वेलदोडा घालून सावरलं. आमच्या मोठ्या डब्यात गच्च भरून नेऊन दिला.

दुसऱ्या दिवशी बेल वाजली. दारात वानखडे काकू, हातात आमचा डबा. चांगला जड.

"भाऊ, रिकामा कसा देऊ?" त्या म्हणाल्या आणि भराभर आपल्या घरात गेल्या.

मला भरून आलं. माणसं जोडावी लागतात, ती अशी! मी बशी घेतली, सांबारवडीसाठी चटणी घेतली, सासूबाईंना आणि अश्विनीला हाक मारली आणि सगळ्यांसमोर झाकण उघडलं.

आत माझाच शिरा होता.